पत्र्याच्या उशा आणि सासूबाईंची वही

ठोक्या हे नाव त्याला बायकोनं दिलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की खरं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं. अकरा वर्षं तो एका कारखान्यात मोठ्या इमारतींना थंड हवा पोचवणारे पत्र्याचे चौकोनी पाइप बनवत होता. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत उरलेला एक तुकडा त्यानं सहज ठोकून ठोकून रुमालासारखा केला. चार घड्या, एक कोपरा जरा दुमडलेला. शेजारी बसलेल्या फिटरनं तो उचलला आणि थेट तोंडाकडे नेला. ओठाला गार पत्रा लागल्यावर तो जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ठोक्याला मिळालेली ती पहिली दाद.

तिथून तो जो बिघडला तो बिघडलाच. आता चव्वेचाळिशीला पोचला होता आणि टॉवेल, चादरी, उशा असलं सगळं मऊ सामान पत्र्यातून घडवत होता. अलीकडे नुसत्या उशा. बायको इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. ती दिवसभर लोकांना झोपवायची आणि हा घरामागच्या शेडमध्ये ठाकठूक करून आख्ख्या गल्लीची दुपारची झोप उडवायचा. शेजाऱ्यांनी आधी सांगून पाहिलं, मग चिठ्ठ्या पाठवल्या, आणि शेवटी बोलणंच टाकलं. तेव्हा बायको म्हणाली की आता बाहेर जागा बघ, नाहीतर मला या लोकांनाही भूल द्यावी लागेल.

जागा मिळाली ती साबणाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात. तिथं कलावंतांना मदत करणारं एक केंद्र होतं. दरवर्षी ते आठ जणांना निवडायचं, प्रत्येकाला एक खोली द्यायचं आणि वर्षभर त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. ठोक्याचा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा बायकोनं भरला आणि तो एका फटक्यात पास झाला. तिनं त्यात काय लिहिलं होतं हे विचारायची त्याला कधी हिंमत झाली नाही.

त्याला मिळाली कोपऱ्यातली खोली, आवाजामुळे. दोन बाजूंना जाड विटांची भिंत, तिसरीकडे प्लायवूडचा पडदा, आणि पडद्यापलीकडे एक व्हिडिओ करणारी मुलगी, जिला सगळे व्हिडिओवालीच म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं की ठोकण्याचं तिला काही नाही, ती कानाला हेडफोन लावूनच बसते. हवा दमट झाली की फरशीतून अजूनही साबणाचा वास यायचा. ठोक्यानं खिडकीखाली ओंडका ठेवला, त्यावर वाळूची पिशवी, भिंतीला लाकडी हातोड्या लटकवल्या, आणि तो सुखात होता.

पण केंद्र नुसतं जागा देऊन गप्प बसणारं नव्हतं. दर मंगळवारी वर्ग असायचा. कामाचे फोटो कसे काढायचे, गॅलरीला काम देण्याआधी कराराच्या कागदात काय काय वाचायचं, परगावी पाठवताना खोकं कसं बांधायचं. हे सगळं ठोक्याला मनापासून आवडायचं. खोकी बांधायच्या मंगळवारी तर त्यानं इतरांच्याही खोक्यांचे कोपरे मारून दिले आणि दिवसभर हिरोसारखा वावरला. मग आला लिहिण्याचा मंगळवार.

वर्ग घेणाऱ्या बाई सडपातळ होत्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, आणि बरीच वर्षं त्यांनी कलेवरच्या मासिकाचं संपादन केलं होतं. वर्षाच्या शेवटी केंद्राची सगळी दारं एक दिवस उघडी असतात, असं त्यांनी सांगितलं. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयाच्या क्युरेटर येणार, प्रत्येकाच्या खोलीत पंधरा मिनिटं थांबणार, आणि आपल्या पुढच्या प्रदर्शनासाठी यातले दोघं-तिघं निवडणार. दारावर प्रत्येकाचं आपल्या कामाविषयी दीडशे शब्दांचं निवेदन हवं. आत आल्यावर बोलताही यायला हवं.

ठोक्यानं त्या दिवशी लिहिलं, ‘ही उशी पत्र्याची आहे.’ मग बराच विचार करून खाली लिहिलं, ‘दुसरीही.’

बाई हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. त्यांनी एवढंच सांगितलं की अजून एकशे पंचेचाळीस शब्दांना जागा आहे. पुढच्या मंगळवारी त्यानं जुन्या पुस्तिका चाळून, इथून एक ओळ तिथून एक ओळ उचलून, अगदी दीडशेचं निवेदन आणलं. त्यात अवकाश होता, स्मृती होती, मृदू आणि कठीण यांच्यातला तणाव होता, आणि एका ठिकाणी ‘अस्तित्वाची पोकळी’ही होती. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून ते दोनदा वाचलं.

‘हे वाचून मला तुम्ही दिसत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खरं सांगायचं तर कुणीच दिसत नाही.’

ठोक्याला ते पटलं, आणि पटल्यामुळे जास्तच लागलं. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं की मला बोलता येत नाही त्याला मी काय करू. बायको म्हणाली, लग्नाला सतरा वर्षं झाली, ही बातमी मला नवी नाही.

नेमक्या त्याच सुमाराला सासूबाई राहायला आल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या राहायच्या चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट काढून नवी बसवायचं काम चार महिने चालणार होतं. चौतीस वर्षं त्या कोर्टात स्टेनो होत्या. भल्याभल्या वकिलांची धावती जीभ त्यांच्या पेन्सिलीनं पकडली होती, आणि निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी समोर कुणी बोलायला लागलं की त्यांची बोटं शिवशिवायची. घरात दिवसभर बोलणारं कुणी नव्हतं. टीव्हीवरचे लोक एका वेळी चौघं बोलतात आणि कुणीच वाक्य पुरं करत नाही, म्हणून तो त्यांना सहन होत नसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी फ्रिजची घरघर ऐकून घेतली. दुसऱ्या आठवड्यात बायकोनं फर्मान काढलं की आईला एकटं ठेवायचं नाही, तू तिला बरोबर घेऊन जा, तिथं लिफ्ट आहे.

ठोक्या घाबरला. सासूबाई त्याला अजूनही ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, आणि त्यांच्यासमोर त्याला हातपाय कुठं ठेवावेत हे कळत नसे. पण बायकोपुढे बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून हातांची एक खुर्ची खिडकीपाशी आली, पाय ठेवायला उलटी बादली आली, आणि सासूबाई डबा, चष्मा आणि वही घेऊन तिथं बसू लागल्या. ठोकाठोकीचा त्यांना त्रास झाला नाही. न्यायाधीशांच्या हातोडीपेक्षा हे बरं, त्या म्हणाल्या, निदान यातून काहीतरी घडतं.

दोनेक आठवडे बरे गेले. ठोक्या पाठमोरा काम करायचा, सासूबाई वहीत काहीतरी खरडायच्या. हिशेब असेल किंवा बहिणीला पत्र असेल, असं त्यानं धरून चाललं. मग एका दुपारी व्हिडिओवाली दोरा मागायला आली, सासूबाई हात धुवायला गेल्या होत्या, आणि वही खुर्चीवर उघडी होती. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. ‘तुमच्या सासूबाई चित्रं काढतात हे बोलला नाहीत कधी,’ ती म्हणाली. ‘काय रेघा आहेत हो.’

ठोक्यानं येऊन पाहिलं. पान भरून गळासारखे आकडे, टिंबं, अर्धवट गोल, वाऱ्यानं उडवलेल्या केसांसारख्या रेषा. खरंच सुंदर होतं. सासूबाई परत आल्यावर त्यानं कौतुकानं विचारलं की हे काय.

‘हे शॉर्टहँड,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही बोलता ते.’

‘मी? मी कुठं बोलतो?’

‘बोलता की. सकाळी कमी, जेवण झाल्यावर जास्त.’

त्याला आधी हसू आलं, मग कानाच्या पाळ्या तापल्या. काम करताना आपण तोंडातल्या तोंडात बोलतो हे त्याला चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नसणार, आणि शेडमध्ये ऐकायला होतं कोण. म्हणजे पंधरा दिवस तो इथं जे काही बरळला ते सगळं तारीखवार, वेळेसकट, त्या वहीत होतं, आणि ते लिहून घेणारी बाई त्याच्या बायकोची आई होती.

त्यानं आवाज न चढवता, पण स्पष्ट सांगितलं की हे बरोबर नाही, विचारायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या की कोर्टात कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, हे कोर्ट नाही. त्यावर सासूबाईंनी वही मिटली आणि पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून त्या आल्या नाहीत.

ठोक्या एकटाच गेला आणि ठरवून तोंड बंद ठेवून कामाला लागला. आता तर तो स्वतःवरच पाळत ठेवत होता. ओठ हलताहेत असं वाटलं की दात आवळायचा. पहिल्या दिवशी पत्रा एका ठिकाणी तडकला. दुसऱ्या दिवशी उशीचा जो आकार झाला तो मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीचा. तिसऱ्या दिवशी त्यानं ती टाकी पुन्हा सपाट केली आणि ओंडक्यावर बसून राहिला. हात तेच होते, हातोडी तीच होती, पण कुठं थांबायचं हे हाताला कळेना. पत्रा मऊ होत होता तो बोलण्यानं होत होता की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी सासूबाई पलंगावर पाय सरळ करून गुडघ्याचे व्यायाम करत होत्या. टाच पुढे, टाच मागे, त्याच्याकडे न बघता. ठोक्या दारात उभा राहिला आणि उद्या चला म्हणाला. त्यांनी दहा आकडे पूर्ण मोजले, मग आपली अट सांगितली: बसले तर लिहिणार, आणि लिहिलं तर सगळं लिहिणार, हे गाळा ते वगळा चालणार नाही. ठोक्यानंही आपली अट घातली की त्याच्या परवानगीशिवाय त्यातलं अक्षर कुणाला वाचून दाखवायचं नाही. लेकीलाही नाही.

‘लेकीला तर नाहीच,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ती पक्षकार आहे.’



त्यानंतरचे दोन महिने काम असं सरसर पुढे गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सासूबाईंची तिसरी वही सुरू झाली. मंगळवारच्या वर्गात मात्र निवेदनाची गाडी तिथंच अडली होती. शेवटी बाईंनी हात टेकले आणि ठोक्यानं अस्तित्वाच्या पोकळीसकट तेच जुनं निवेदन छापून दाराला चिकटवलं. बोलायचं ते पाठ केलं. आंघोळ करताना म्हटलं, बसमध्ये म्हटलं, पत्रा कापताना म्हटलं. सासूबाईंनी तेही लिहून घेतलं आणि समासात बारीक अक्षरात ‘पाठांतर’ अशी नोंद केली.

दारं उघडण्याचा दिवस उजाडला. खोल्या झाडून पुसून लख्ख, पायऱ्यांवर कुंड्या, आणि आठही जण नवरदेवासारखे अवघडलेले. ठोक्यानं सात उशा जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळ्यांवर मांडल्या होत्या. सात उशा आणि प्रत्येकीवर कुणीतरी आत्ता उठून गेल्याचा खळगा, कुठं खोल, कुठं कानापाशी जरा चेमटलेला. दुपारी दोनच्या सुमाराला क्युरेटर आल्या. साधी सुती वेशभूषा, पायात चालायचे बूट, बरोबर वर्ग घेणाऱ्या बाई. त्यांनी दाराशी उभं राहून निवेदन वाचलं, आत आल्या, आणि आता ऐकायचं असं तोंड करून उभ्या राहिल्या.

ठोक्या म्हणाला, ‘माझं काम अवकाश आणि…’ आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. कुणी फळा पुसावा तसं. त्यानं पुन्हा अवकाश म्हटलं. मग पाणी प्यायलं. क्युरेटर समजूतदार होत्या, त्यांनी त्याची सुटका करायला नजर दुसरीकडे वळवली, आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली. सासूबाईंची पेन्सिल चालू होती. त्या पानाकडे क्युरेटर आपोआप ओढल्या गेल्या. हे कुणाचं काम, त्यांनी विचारलं, आणि हे प्रदर्शनात आहे का.

‘हे काम नाही, ही नोंद आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘जावईबापू काम करताना बोलतात, मी लिहून घेते.’

काय बोलतात ते वाचाल का, असं क्युरेटरनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. ‘यांची परवानगी नाही,’ त्या म्हणाल्या, आणि वही मांडीवर पालथी ठेवली.

ठोक्या उभाच होता. त्याच वेळी दारात बायको आली. ती इस्पितळातून तशीच आली होती, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ अजून उमटलेला. उशीर झाला म्हणून तिनं खुणेनंच माफी मागितली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. ठोक्यानं तिच्याकडे पाहिलं, दारावरच्या कागदाकडे पाहिलं. पंधरातली सहा-सात मिनिटं अजून उरलेली असावीत. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, पण त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

‘वाचा,’ तो म्हणाला.

सासूबाईंनी दुसरी वही काढली, पान शोधलं, घसा साफ केला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं, सुरात कसलाही चढउतार न आणता वाचायला लागल्या.

‘अकरा तारीख. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. “इथं नको. इथं दाबलं तर मोडेल. जरा कुशीवर हो. हं, अशी.” चार ठोके. “ती उजवीकडं वळते आधी, मग उठते. म्हणून ही कड वर राहते.” सहा ठोके. “सहाला जाते. मी हात ठेवतो तेव्हा गरम असते अजून. साडेसहापर्यंत असते. मग उशी फुगून वर येते, काही राहत नाही.” थांबले. “तू नको वर येऊस. तू अशीच राहा.” दोन ठोके, हलके.’

त्या थांबल्या. पुढे वाचू का, असं त्यांनी विचारलं, कारण हे अकरा तारखेचंच होतं, बाकीचे दिवस अजून राहिले होते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी गळ्यातला चष्मा हातात घट्ट धरला होता. पडद्यापलीकडे व्हिडिओवालीच्या खोलीत काहीतरी खाली पडलं. आज तिनं हेडफोन लावले नव्हते तर.

बायको चौकटीवरून निघून पहिल्या उशीपाशी आली. वाकून तिनं खळग्याच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. रोजच्या सरावाचं बोट, माणसाची नाडी शोधणारं. ‘रोज?’ तिनं विचारलं.

‘रोज नाही,’ ठोक्या म्हणाला. ‘तुझी सकाळची ड्यूटी असते तेव्हा.’

‘मला वाटायचं हे माझ्या पेशंटांचं काहीतरी आहे,’ ती म्हणाली, आणि मग इतकी मोकळी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे असं सगळ्यांनी मानून घेतलं.

क्युरेटर पंधराच्या ऐवजी चाळीस मिनिटं थांबल्या. त्यामुळे पुढच्या तिघांचा खोळंबा झाला आणि एक चित्रकार ठोक्याशी आठवडाभर धड बोलला नाही. पत्रा किती जाडीचा, वाळू कशाला, आतून ठोकता की बाहेरून, असं त्या विचारत गेल्या आणि ठोक्या सांगत गेला. हे विचारल्यावर त्याला खुशाल बोलता येत होतं. सातातल्या तीन उशा त्यांनी निवडल्या. निवेदनाच्या जागी काय लावायचं हे वेगळं ठरवावं लागलंच नाही.

मात्र ते लावताना तुंबळ वाद झाला. वर्ग घेणाऱ्या बाईंचं म्हणणं, ‘अशीच राहा’नंतर एक छोटी ओळ घातली तर अर्थ जास्त उघडेल. सासूबाईंचं म्हणणं, साक्षीदार बोलला नाही ते मी टाइप करणार नाही. एका स्वल्पविरामावरून दोघी पाऊण तास भांडल्या आणि शेवटी एकमेकींच्या पक्क्या मैत्रिणी झाल्या. संग्रहालयाच्या भिंतीवर तो मजकूर ठोक्यांच्या आकड्यांसकट गेला आणि खाली ‘मूळ नोंदीप्रमाणे बरोबर’ अशी सासूबाईंची सही गेली. वह्या मात्र त्यांनी प्रदर्शनाला द्यायचं साफ नाकारलं. सुंदर असतील, त्या म्हणाल्या, पण त्या जावईबापूंच्या आहेत आणि वाचता मला येतात, म्हणजे भिंतीवर टांगण्यासारखं त्यात काही नाही.

नवी लिफ्ट बसल्यावर त्या आपल्या घरी परतल्या, पण दर गुरुवारी बस पकडून केंद्रात येऊ लागल्या. नव्या वर्षाच्या आठ जणांना बाईंनी तसं सांगूनच ठेवलं होतं: लिहिता येत नसेल तर एक तास यांच्यासमोर काम करा. सगळ्यांना ते जमलं असं नाही. एकजण त्यांना बघताच भाषण द्यायचा, तेव्हा त्या पेन्सिल खाली ठेवून डबा उघडायच्या. एक मुलगी आख्खा तास काहीच बोलली नाही, आणि सासूबाईंनी तिला तेच टाइप करून दिलं: कितीदा कागद फिरवला, कितीदा खिडकीशी गेली, कुठं श्वास रोखला. ती म्हणे तो कागद पाकिटात घेऊन फिरते.

ठोक्याचं केंद्रातलं वर्ष संपलं होतं, पण बाईंनी खटपट करून त्याला ती कोपऱ्यातली खोली आणखी सहा महिने मिळवून दिली. त्यानं आता गोधडीएवढा मोठा पत्रा घेतला होता, दोन माणसांच्या अंथरुणाचा. अडचण अशी की तो एकट्यानं दुमडता येईना. एक टोक धरलं की दुसरं उसळी मारून उठायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी बायको यायला लागली. जाड हातमोजे घालून ती दोन कोपरे धरायची, तो दोन धरायचा, आणि दोघं चादरीची घडी घालताना येतात तसे एकमेकांच्या जवळ यायचे, पत्रा मध्ये कुरकुरत असायचा.

पहिल्या दिवशी घडी तिरकी आली. बायको म्हणाली तू डावीकडे ओढलंस, तो म्हणाला तू आधी सोडलंस. मग त्यांनी पत्रा पुन्हा उलगडला, जमिनीवर पसरला, आणि आधी कोण ओढणार, कोण थांबणार, हे ठरवत त्याच्या दोन कडांना समोरासमोर बसून राहिले, डबा खाऊन होईपर्यंत.